ताण कोणाच्या वाट्याला?
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या जुन्या घरांतून एक समजूत चालत आली आहे : काळज्या सगळ्या मोठ्या माणसाला, शिपाई आपला खुशाल झोपतो. बँकेत खिडकीमागे बसणारे आम्हीही असेच बोलत आलो. ही समजूत खोटी आहे.

लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' पाहणीत सुमारे १८,००० सरकारी नोकर पुरुषांची तपासणी झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा शिपायांच्या श्रेणीत तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची वजावट केली तरी निम्म्याहून अधिक तफावत शिल्लक राहिली. यांत उपाशी कोणी नव्हते. नोकरी सरकारी होती.

मग फरक कशाचा? १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. आपल्या कामावर आपला ताबा नसणे, हे एक मोठे कारण तेथे दिसले. पुढे त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल दिवसातून अनेकदा मोजले. ताण आला की शरीर हे संप्रेरक सोडते. ते सकाळी चढते आणि रात्रीपर्यंत उतरते. आर्थिक-सामाजिक स्थिती खालची असलेल्यांत ही उतरण मंदावलेली आढळली. दिवस संपतो, पण शरीराची ड्यूटी संपत नाही. सगळ्याच पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि एका संप्रेरकावर सारा भार टाकणेही बरोबर नाही. पण रोगाचा उतार पायरीपायरीने खाली वाढत जातो, हे पक्के आहे.

आता आपल्याकडे पाहू. पालिकेच्या निवडणुकीत उमेदवार मंडळात आले की आपण सभागृहासाठी निधी मागतो. आपल्या गल्लीत झाडू मारणारा ठेकेदाराचा माणूस पगार कोणत्या तारखेला मिळेल हे सांगू शकत नाही. उद्या काम असेल का, हेही नाही. त्याच्याबद्दल आपण कधी विचारले का? आणि आपल्याच मंडळाच्या पहारेकऱ्याला सुट्टीचा दिवस आधी कळतो का?

आमची सूचना साधी आहे. यंदा उमेदवाराला पहिला प्रश्न ठेक्यावरील कामगारांच्या पगाराच्या तारखेचा विचारावा. आणि तो विचारण्यापूर्वी पहारेकऱ्याच्या सुट्ट्यांचा तक्ता, त्याला विचारून, मंडळाच्या फलकावर लावावा.