पीळ अवकाशकालाचा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 पुणे ही ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांची कर्मभूमी. महास्फोटाच्या रूढ सिद्धांताला त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह पर्याय सुचवले. बहुतेकांना ते पटले नाहीत, तरी नारळीकर ते मांडायचे थांबले नाहीत. वेगळी वाट धरणाऱ्यांच्या या परिषदेला यजमानपद द्यायला आम्हांला एवढे कारण पुरे होते.

दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद दिसतात, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे 1998 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्यासाठी 2011 चे नोबेलही मिळाले. कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव पडले, विश्वातली सुमारे 68 टक्के ऊर्जा तिच्या नावे मांडली गेली. ती आहे काय, हे मात्र सांगायचे राहिले.

म्हणून या वेगवाढीचे कारण शोधायला काहींनी अवकाशकालाची भूमितीच तपासायला घेतली. आइन्स्टाइन यांच्या 1915 च्या सिद्धांतात अवकाशकालाला वक्रता आहे. पीळ (टॉर्शन) शून्य, असे गृहीतच धरले आहे. 1922 मध्येच एली कार्तां यांनी ते गृहीतक सोडले. पीळ असेल तर आधी पूर्वेला मग उत्तरेला, आणि आधी उत्तरेला मग पूर्वेला टाकलेली चिमुकली पावले एका बिंदूत मिळत नाहीत; चौकोन उघडाच राहतो. 1960 नंतर किबल आणि शियामा यांनी हा पीळ कणांच्या स्पिनशी जोडला.

यजमानाने पाहुण्यांना अडचणीचे विचारू नये म्हणतात. तरी विचारतो. आइन्स्टाइन-कार्तां सिद्धांतात जिथे स्पिन तिथेच पीळ. रिकाम्या जागेत तो पसरत नाही. त्यातून येणारे अपकर्षण जाणवायला अणुगर्भाहून कितीतरी अफाट घनता हवी. आजच्या विश्वात साधे द्रव्य घनमीटरमागे सरासरी एक प्रोटॉनही भरत नाही. मग या विरळाईत प्रसरणाचा वेग वाढवणारा पीळ येतो कुठून? बेंगोचेआ आणि फेर्रारो यांनी 2009 मध्ये वेगळा मार्ग दाखवला: गुरुत्वाचा सारा भार वक्रतेवरून काढून पिळावर टाकायचा आणि मूळ सूत्रात पिळाचे नवे फलन घालायचे. कल्पना देखणी आहे. पण निरीक्षणांना बसेल असे फलन निवडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे, असे माझे मत आहे. ते आपण खोडून काढलेत तर आनंदच होईल.

निरीक्षकांना उद्या सकाळचे सत्र दिले आहे. सिद्धांतवाल्यांनी तेव्हा चहाला पळू नये, एवढी विनंती करून सभा अध्यक्षांच्या स्वाधीन करतो.