गोठ्यातली मोटार भंगारात देण्याआधी



आज मी जुन्या अमेरिकन मोटारींबद्दल बोलणार आहे. "हा तर बाप्या माणसांचा विषय," असं म्हणून कोणी रेडिओ बंद करू नका. मी ज्या मोटारींबद्दल बोलणार आहे, त्या चालत नाहीत. त्या आपल्या गोठ्यात, कडब्याच्या छपरीत, नाहीतर वाड्याच्या मागच्या पडवीत उभ्या असतात. त्यांच्यावर गोवऱ्या ठेवलेल्या असतात आणि आत कोंबडी अंडी घालते. घरातल्या बाईचा हात त्यांना रोज लागतो, पण त्या विकायच्या वेळी बाईला कोणी विचारत नाही.

माझं सासर दर्यापूर तालुक्यातलं. मागच्या दिवाळीनंतर घराची वाटणी निघाली आणि छपरीतली मोटारही निघाली. नुसतं तोंड, दोन दरवाजे, चाकं आणि मागे लाकडी फळ्यांची गाडी. कधीतरी मागचा भाग कापून तिचा मालगाडीसारखा उपयोग केला होता, कापसाच्या गठोड्या जिनिंगवर न्यायला. भासरे म्हणाले, "भंगारवाला उद्या येते. किलोनं देऊन टाकू, पैसे वाटून घेऊ." आत्याबाई ओट्यावर बसून वाती वळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या लग्नातली गाडी हाय ते."

त्या एका वाक्यावर मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आधी एक प्रश्न. आपल्या वऱ्हाडात अमेरिकेच्या मोटारी आल्या कशा? याचं उत्तर कापसात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढे रेल्वे आली, 1870 साली खामगावची शाखा सुरू झाली. अमरावती, अकोला, खामगाव इथल्या बाजारांत पैसा खेळू लागला. त्यानंतर साठेक वर्षांनी तोच पैसा अमेरिकेच्या मोटारींवर खर्च झाला. इंग्रजांचं राज्य असूनही लोक इंग्लंडची मोटार न घेता अमेरिकेची घेत, याला कारण होतं. इंग्लंडात इंजिनाच्या नळकांड्याच्या रुंदीवर कर बसे, म्हणून तिथली इंजिनं बारकी. अमेरिकन मोटार जमिनीपासून उंच, इंजिन दमदार आणि किंमत त्या मानानं कमी. आपल्या काळ्या मातीतल्या गाडरस्त्याला तीच मानवली.

या मोटारी आल्याही जवळून. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईला शिवडीत कारखाना काढला. पेट्यांत भरून आलेले सुटे भाग तिथं जोडले जात आणि शेवरोले तयार होऊन बाहेर पडे. भारतात येणारी फोर्ड बहुतेक कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडून येई, कारण उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या तिथं बनत. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. 1947 पासून कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ, डीसोटो जोडल्या जाऊ लागल्या.

आता ओळख. अकोल्याला एक म्हातारे डेंटर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे मी फोटो घेऊन गेले. ते पहिल्यांदा हेच म्हणाले, "बाई, तोंड नका पाहू, बाजू पाहा." एका सालच्या एका कंपनीच्या सगळ्या मोटारींचं बोनेट, दिवे, जाळी सारखीच असे. तोंडावरून कंपनी आणि साल कळतं. पण मोटार साधी आहे की दुर्मीळ, हे दरवाजे, काचा, टप आणि डिकी यांवरून ठरतं. एकाच थानातलं कापड घेऊन कोणी साधं पोलकं शिवतं, कोणी फुग्याच्या बाहीचं. तसंच हे.

पहिली जात, चार-पाच माणसांची उघडी गाडी. वर कापडी टप, बाजूला काचा नाहीत. पाऊस आला की कापडाचे पडदे बटणांनी लावायचे. हिला टूरर किंवा फेटन म्हणत. त्या काळात आपल्याकडे ही बरीच दिसे.

दुसरी, दोघांची उघडी गाडी, म्हणजे रोडस्टर. हिलाही दरवाजात काचा नाहीत, पडदेच.

तिसरी दिसायला रोडस्टरसारखीच, दोघांची आणि कापडी टपाची. पण हिच्या दरवाजात काच असते आणि ती हँडल फिरवून वरखाली होते. ही कॅब्रिओलेट. नेमकी हीच ओळखताना माणूस फसतो, कारण काच फुटून गेली की ती रोडस्टरच वाटते. पण काच गेली तरी दरवाजाच्या वरच्या कडेला काचेची फट राहते आणि आतल्या बाजूला हँडलचा दांडा किंवा त्याचं भोक राहतं. बोट घालून पाहा.

चौथी, पक्क्या छताची दोन दरवाजांची गाडी, म्हणजे कूप. हिच्यातही एक गंमत आहे. फोर्डच्या स्पोर्ट कूपचं छत पक्कंच असे, पण वरून कापड चढवलेलं आणि बाजूला टप दुमडायच्या लोखंडी कमानीसारखी कमान. वाटतं टप उघडेल, पण ती कमान शोभेची असते. आतून चाचपून पाहा. सांधा हलत नसेल, तर टपही दुमडत नाही.

पाचवी सेडान, पक्क्या छताची आणि मागेपुढे दोन्हीकडे बसायची. 1950 नंतरच्या मोटारींत या खूप होत्या. त्यांच्यात एक वेगळी जात आहे, हार्डटॉप. छत पक्कं, पण काचा खाली केल्या की मधे खांब नाही, पुढून मागपर्यंत मोकळं. ब्यूक, कॅडिलॅक, ओल्ड्समोबाईल यांनी ही 1949 साली काढली. खांब कापून काढलेला नसून मुळातच नाही, एवढी खात्री करायची.

कुर्ल्याच्या गाड्यांबद्दलही सांगते. डॉज किंग्जवे, डीसोटो डिप्लोमॅट आणि प्लायमाउथ या तिघी सख्ख्या बहिणी. अंग एकच, जाळी आणि बिल्ले वेगळे. बिल्ला गळून पडला असेल तर नाव छातीठोक सांगू नये.

आता परत आमच्या छपरीत. आम्ही शिंप्याचा टेप घेतला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घेतलं. साडेएकशेतीन इंच भरलं. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं माप हेच. तिच्या आधीच्या मॉडेल टी मोटारीचं 100 इंच आणि 1929-30 च्या शेवरोलेचं 107. चाकं 19 इंची होती. मॉडेल ए मोटारीला 1928-29 साली 21 इंची चाकं असत, 1930-31 साली 19 इंची. इंजिनाच्या डाव्या अंगाला ठोकलेला नंबर ओल्या फडक्यानं पुसला, तर पुढे इंग्रजी सी आणि ए ही अक्षरं निघाली, म्हणजे कॅनडाची. कंपनी कळली, साल कळलं. पण जात कोणती? मागचा भागच नव्हता.

भासरे म्हणाले, "साधी टपाची गाडी. टपाच्या तर सगळ्याच होत्या."

तेव्हा आत्याबाई बोलल्या. त्यांचं लग्न 1959 सालचं. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या. मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून त्या याच मोटारीनं सासरी आल्या. त्या म्हणाल्या, "मिरगाचा पाऊस आला व बाई रस्त्यात. ड्रायवर म्हने, ते हांडी फिरवा. म्या जात्याच्या खुट्यावानी धरून फिरवली, तं काच वर आली. आमच्यावर टिपका नाई. आन मांगं उघड्यावर बसलेले दीर भिजून चिंब!"

मी त्यांना तीन वेळा विचारलं. "मांगं उघड्यावर म्हणजे?" तर म्हणाल्या, "मांगं झाकन उघडे, त्याच्यात दोघं बसत. त्याईच्या डोक्यावर टप नाई."

बायांनो, त्या एका आठवणीत सगळं आलं. काचेचं हँडल आहे, म्हणजे रोडस्टर नाही. मागे उघड्यावर दोघांची बैठक, म्हणजे डिकी सीट. पुढे दोघांवर टप. ही फोर्ड मॉडेल ए कॅब्रिओलेट झाली. आम्ही दरवाजाच्या कडेची माती सुईनं कोरली. फटीत कुंभारीण माशीनं घर केलं होतं. ते काढल्यावर काचेची खाच निघाली. मागच्या उजव्या मडगार्डावर, जे कापताना वाचलं होतं, पाय ठेवायची लोखंडी पायरी निघाली. डिकी सीटवर चढायला ती पायरी असे.

राहिलं होतं डिकीचं झाकण, आणि ते माझ्याच हाताखाली होतं! ढेपेच्या पेटीवर जे लोखंडी पत्र्याचं बाकदार झाकण मी पंधरा वर्षं उघडझाक करत होते, तेच. सामान ठेवायच्या डिकीचं झाकण वरच्या बाजूला बिजागरीवर असतं आणि वर उचलतं. बसायच्या डिकीचं झाकण खालच्या बाजूला बिजागरीवर असतं. ते मागे पडतं आणि त्याचीच पाठ होते. आमच्या झाकणाला बिजागरीच्या खुणा खालच्या कडेला होत्या आणि आतून गादी ठोकल्याची भोकं होती.

आता तुम्ही म्हणाल, लाखो रुपये मिळाले असतील. नाही मिळाले. खोटं सांगून तुमच्या आशा वाढवायच्या नाहीत. मागचा भाग गेलेला, आतला लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लेला. पुरती करायची तर खर्च फार. शिवाय 2021 साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, त्यात व्ही ए ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. आमची कापलेली मोटार त्यात सहज बसणार नाही.

मग मुदत मागून मिळवलं काय? भासऱ्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "भाऊजी, किलोच्या भावानं गेली असती तर हिचं इंजिन, दरवाजे, झाकण सगळं वितळलं असतं. दुसऱ्या कोणाची कॅब्रिओलेट अशाच एका झाकणासाठी अडून बसली असेल." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मायले विचारा." पन्नास वर्षांत त्या घरात मोटारीबद्दल आत्याबाईंना पहिल्यांदाच विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, "म्या हाव तवरोक राहू द्या. मांगून तुमी पाहा." वाटणीच्या कागदावर मोटार सामाईक लिहिली गेली. ढेपेच्या पेटीला मी नवीन झाकण करून घेतलं.

तुमच्या घरी अशी मोटार असेल, तर एवढं करा.

तारेच्या ब्रशनं घासू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पुढच्या भिंतीवरची धातूची पट्टी आणि इंजिनावरचा नंबर उतरवून घ्या, फोटो काढा. जनरल मोटर्सच्या पट्टीवर स्टाईल नंबर असतो. त्यातले पहिले दोन आकडे सालाचे आणि पुढचे जातीचे असतात. 1957 च्या शेवरोले बेल एअरचं पाहा. 57-1067 असेल तर टपाची, 57-1037 असेल तर दोन दरवाजांची हार्डटॉप, 57-1019 असेल तर चार दरवाजांची सेडान. कोणी सेडानचं छत कापून टपाची म्हणून विकत असेल, तर ही पट्टी खोटेपणा उघडा पाडते.

घरातलं जुनं सामान पाहा. हौदाचं झाकण, पाळण्याची कडी, परसातली कमान, यांत मोटारीचा तुकडा असू शकतो. लग्नाचे फोटो अल्बममधून काढा. नवरीकडे मग पाहा, आधी मागच्या मोटारीचे दरवाजे मोजा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. "गाडी कोणती होती?" असं विचारू नका, त्यांना कंपनीचं नाव माहीत नसतं. "तुम्ही कुठं बसल्या होत्या? पाऊस आला तेव्हा काय केलं? मागे कोण बसलं होतं?" असं विचारा. आमच्या मोटारीची जात मिस्त्रींनी सांगितली खरी. पण ज्या खुणेवरून सांगितली, ती खूण आत्याबाईंनी पासष्ट वर्षं मनात जपली होती.

भंगारवाला उद्याही येईल. आजची संध्याकाळ विचारायला पुरते.