जुन्या कचेऱ्यांचे हरित नूतनीकरण



शहरातील जुन्या शासकीय इमारतींचा प्रश्न निघाला की बहुधा दोनच सूचना पुढे येतात. इमारत पाडून त्या जागी नवी उभारावी, ही एक. आणि आहे तिलाच रंग देऊन, खोटे छत लावून, खिडक्यांत वातानुकूलन यंत्रे बसवावीत, ही दुसरी. या दोहोंहून वेगळा असा तिसरा मार्ग आहे. इमारतीचा सांगाडा राखून तिचे वारा, सावली, पाणी आणि वनस्पती यांच्याशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे, हा तो मार्ग होय. उभ्या इमारतीत दगड, वीट, चुना, लाकूड आणि मानवी श्रम यांची मोठी पुंजी गुंतलेली असते. पाडकामात ती मातीमोल होते, आणि नव्या सिमेंट-पोलादासाठी पुन्हा इंधन जाळावे लागते ते वेगळेच.

या मार्गाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तेथील नगरभवनाची अकरा मजली इमारत १९११ साली पूर्ण झाली. जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली; त्यांत वृद्ध आणि एकटे राहणारे यांचे प्रमाण मोठे होते. डांबरी छपरे आणि फरसबंद रस्ते दिवसभर ऊन शोषून घेतात व रात्री ते परत सोडतात, त्यामुळे शहराला रात्रीही उसंत मिळत नाही. ही उष्णता कमी करण्याच्या प्रयोगाचा भाग म्हणून, महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या कारकिर्दीत, २००० साली नगरभवनाच्या छपरावर बाग करण्यास प्रारंभ झाला व पुढील वर्षी ते काम पूर्ण झाले. सुमारे २०,००० चौरस फुटांवर दीडशेहून अधिक जातींची वीस हजारांवर रोपे लावण्यात आली.

या इमारतीचा एक अर्धा भाग नगरपालिकेचा, तर दुसरा कूक परगण्याच्या प्रशासनाचा. दुसऱ्या भागाचे छप्पर त्या वेळी काळ्या डांबराचेच होते, त्यामुळे तुलना आयतीच हाती आली. ९ ऑगस्ट २००१ रोजी दुपारी मोजमाप घेतले, तेव्हा डांबरी छपराचा पृष्ठभाग सुमारे ७६ अंश सेल्सियस इतका तापला होता. शेजारच्या बागेत रोपांच्या जागी तोच आकडा ३३ ते ४८ अंशांच्या दरम्यान भरला. आकाश एक, ऊन एक आणि इमारतही एकच!

तथापि या बागेचे खरे मर्म फुलांत नाही, वजनाच्या हिशेबात आहे. बहुतेक भागात मातीचा थर काही इंचांचाच ठेवला आहे. जाड थर आणि झाडे जेथे खालून खांबांचा आधार आहे, तेथेच दिली आहेत. आपल्याकडे गच्चीवर बाग करू इच्छिणाऱ्या कार्यालयप्रमुखाने प्रथम रोपवाटिकेकडे नव्हे, तर बांधकाम अभियंत्याकडे जावे, ते यासाठीच. भारतीय मानकांनुसार वावर असलेल्या सपाट छपरासाठी चौरस मीटरला साधारणतः १५० किलोग्रॅम एवढा भार गृहीत धरला जातो. साध्या ओल्या मातीचा अवघा दहा सेंटिमीटरचा थर एकटाच त्याहून जड भरतो. म्हणून जलरोधक थर, मुळे अडविणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि त्यावर हलके मिश्रण अशी रचना करावी लागते. आणि तीही इमारतीची क्षमता तपासल्यानंतरच. शिकागोची रोपेही येथे उपयोगी नाहीत. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो व उरलेले आठ महिने कोरडे जातात. दोन्ही सोसणारी वनस्पतीच येथे टिकेल.

शिवाय जिल्ह्या-तालुक्यांच्या अनेक जुन्या कचेऱ्यांची छपरे उतरती, मंगलोरी कौलांची आहेत. तेथे छपरावर बाग संभवतच नाही. परंतु त्या इमारतींजवळ दुसरी एक संपत्ती आहे, आणि ती बहुधा दुर्लक्षितच राहते. मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरील जुने सचिवालय पाहावे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्यानुसार उभारलेली ही वास्तू १८७४ साली पूर्ण झाली. तिचे कमानदार व्हरांडे पश्चिमेकडे, त्या काळी जवळच असलेल्या समुद्राकडे, तोंड करून आहेत. दुपारचे ऊन व्हरांड्याने अडवावे आणि समुद्रावरून येणारा वारा आत घ्यावा, अशी ती योजना. उंच छत, झडपांच्या खिडक्या आणि वरचे झरोके यांचेही प्रयोजन हेच. वीज नसलेल्या काळातील हे शहाणपण आहे.

पुढे अनेक कचेऱ्यांत काय घडले, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जागा अपुरी पडली म्हणून व्हरांडे बंद करून दप्तरे रचली गेली, झरोक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. अंधार झाला म्हणून दिवसा दिवे लागले, उकाडा वाढला म्हणून यंत्रे आली, आणि दाखल्यासाठी आलेला शेतकरी मात्र उन्हातच उभा राहिला. तेव्हा हरित नूतनीकरणाचा पहिला खर्च कुंड्यांवर नसावा. जुनी दप्तरे अभिलेखागारात हलवून व्हरांडा मोकळा करणे, हे त्याचे पहिले काम. मंत्रिमहोदयांच्या भेटीच्या आदल्या दिवशी मांडलेल्या कुंड्यांची येथे गणना नाही.

दुसरे काम आवाराचे. पश्चिम व दक्षिण बाजूंस, पायापासून पुरेशा अंतरावर कडुनिंब, करंज, बकुळ लावावेत आणि बुंध्याभोवतीची जमीन फरशीने न झाकता मोकळी ठेवावी. पागोळीचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे. हिरवाईच्या उत्साहात एक सावधगिरी मात्र हवी. पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगांत रुजणारी पिंपळ-वडाची रोपे कौतुकाने वाढू देऊ नयेत. त्यांची मुळे चुन्याची चिणाई फोडतात. वेल हवे असतील तर ते भिंतीपासून दूर, तारेच्या चौकटीवर चढवावेत. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देणेही असेच घातक. ओल आत कोंडते आणि दगड-वीट झिजू लागते. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर सूचीतील वास्तूंमधील अशा बदलांना वारसा समितीचा विचार घ्यावा लागतो. सूचीबाहेरच्या साध्या तालुका कचेरीला असे कवच नाही, म्हणून तेथे स्थानिक अधिकाऱ्यांचीच दक्षता उपयोगी पडते.

राहिला देखभालीचा प्रश्न, आणि बहुतेक योजना येथेच सुकतात. झाडे लावण्यासाठी अनुदान मिळते, मे महिन्यात त्यांना पाणी घालणाऱ्या माणसासाठी तरतूद नसते. अंदाजपत्रकात माळ्याचे वेतन, पावसाळ्यापूर्वी पन्हळी व निचऱ्याच्या नळांची सफाई, कौलांची फेरणी आणि जलरोधक थराची वार्षिक तपासणी यांसाठी स्वतंत्र रक्कम प्रारंभीच दाखविली पाहिजे. ती दाखविता येत नसेल, तर गच्चीवरील बागेचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवून व्हरांडा आणि आवार एवढ्यावरच काम सुरू करावे.