पडद्यावरची पृथ्वी आणि अंगणातली काठी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेसाठी दृक्-श्राव्य सभागृह उभारण्याचा संकल्प ट्रस्टने सोडला आहे. त्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. गेली एकतीस वर्षे मी भूगोल आणि विज्ञान शिकवीत आहे. या संकल्पाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु त्याआधी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला बीजांकुरण शिकविताना मी मोठ्या हौसेने एक चित्रफीत दाखविली. माती दुभंगते, कोंब वर येतो, दोन पाने उलगडतात. सारे अर्ध्या मिनिटात. मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि मलाही धन्य वाटले. पुढे चाचणीत ‘मूग रुजण्यास किती वेळ लागतो?’ असा प्रश्न घातला, तेव्हा नऊ मुलांनी ‘एक मिनिट’ असे उत्तर लिहिले. त्यांतील बहुतेक मुले शेतकऱ्यांच्या घरची होती! दोष त्यांचा नव्हता. कॅमेऱ्याने कित्येक दिवसांचे काम अर्ध्या मिनिटात आटोपले आहे, हे सांगण्याचे मीच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात मूग बांधून वर्गात ठेवले. चार दिवस मुलांनी रोज फडके सोडून पाहिले. त्यानंतर तीच चित्रफीत पुन्हा लावली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. ‘सर, हे खरं किती दिवसांचं आहे?’ असा प्रश्न मात्र आला.

तेव्हापासून मी क्रम बदलला. जे डोळ्यांनी पाहता येते ते आधी बाहेर जाऊन पाहायचे, आणि डोळा जिथे थांबतो तिथून पडदा सुरू करायचा.

शाळेच्या अंगणात आम्ही एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली आहे. दर महिन्याच्या २१-२२ तारखेच्या सुमारास मुले पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करतात. सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला, हे सर्वांना पाठ होते. पहिल्याच डिसेंबरात गोंधळ उडाला. बारा वाजून गेले तरी सावली आखूडच होत चालली! एका मुलीला शाळेच्या घड्याळाचा संशय आला. ती कार्यालयात जाऊन आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ ताडून आली. घड्याळ बरोबर होते. सावली सर्वांत लहान झाली ती साडेबाराच्या सुमारास.

त्या दिवशी शिकविणे फार सोपे झाले. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. आपले कोल्हापूर सुमारे ७४ अंश १५ मिनिटांवर आहे. सव्वाआठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे तेहतीस मिनिटे. हा हिशोब मुलांनी स्वतः मांडला. त्यानंतर पडद्यावर फिरती पृथ्वी दाखविली, तेव्हा तिच्यावरील उभ्या रेघा मुलांच्या दृष्टीने नुसत्या रेघा राहिल्या नव्हत्या. २२ डिसेंबरला काठीची सावली सुमारे ८४ सेंटिमीटर भरली, २१ मार्चला अवघी ३०. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एके दिवशी ढग फाटले आणि मुले ओरडतच आली, ‘सर, सावली दक्षिणेला पडलीय!’ सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेस गेला होता. असे का, याचे उत्तर अंगणात मिळत नाही. पृथ्वीवर उभे राहून पृथ्वीचा कललेला अक्ष दिसत नाही. तो दाखवायला पडदाच हवा. एरवी हाच पाठ मी फळ्यावर तीन तास घेत असे आणि परीक्षेनंतर तो कोणाच्या लक्षात राहत नसे.

वर्गाबाहेरचे शिक्षण ही कल्पना काही नवी नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले की, आदिवासी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेत परिसरातील वस्तूच शिकण्याची साधने झाल्या. आपल्याकडे मात्र मुले फाटकाबाहेर पडली की ‘आज सहल का?’ असे विचारले जाते. पालकांनी राग मानू नये. हा प्रश्न मलाही अनेकदा ऐकावा लागला आहे. शिवाय साठ मुले आणि एक शिक्षक घेऊन ओढ्यापर्यंत जाणे सोपे नसते, हेही खरे.

यंत्रांविषयी एकच सांगतो. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. २००४ मध्ये शिक्षणासाठी अवकाशात सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाचे कामही केव्हाच थांबले. आज आपण घेणार असलेला प्रोजेक्टर दहा वर्षांनी जुना होईल. म्हणून माझी विनंती आहे की, सभागृहाच्या निधीतील थोडा भाग परिसरभेटीच्या बसभाड्यासाठी आणि मुलांसोबत जाणाऱ्या दुसऱ्या शिक्षकासाठी दरवर्षी राखून ठेवावा.

दुसरी विनंती त्याहून लहान आहे. नियोजित सभागृह अंगणाच्या दक्षिण बाजूस येणार आहे. त्याची उंची वीस फूट आहे; म्हणजे २२ डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली उत्तरेकडे सुमारे सतरा फूट पडेल. आमची काठी नियोजित भिंतीपासून बारा फुटांवर आहे. काठी हलविण्यास मुलांची हरकत नाही. भिंतीपासून पंचवीस फुटांच्या पलीकडे, दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी मोकळी जागा त्यांना हवी आहे. आठवीच्या मुलांनी हा हिशोब आकृतीसह एका कागदावर मांडून दिला आहे. पायाखोदाई सुरू होण्यापूर्वी तो पाहिला जावा, म्हणून मी तो येथेच अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो.