इंधन कुठून येतं?



रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर दाभोळचा वीजप्रकल्प उभा आहे. 1999 मध्ये त्याचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, तो नाफ्थ्यावर. नाफ्था निघतो खनिज तेलातून, त्याचा भाव ठरतो जगाच्या बाजारात, आणि विजेचा दर करारानं डॉलरशी बांधलेला. तेल महागलं, रुपया घसरला, आणि राज्याच्या वीज मंडळाला ती वीज परवडेना. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. पुढे सरकारी कंपन्यांनी तो नैसर्गिक वायूवर चालवायला घेतला. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचं उत्पादन घटलं, परदेशातला वायू महाग पडू लागला, आणि 2013 मध्ये यंत्रं पुन्हा थांबली. यंत्रात खोट नव्हती. इंधन नव्हतं.

देशाच्या ऊर्जासुरक्षेचा विषय निघाला की एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला सूर्य उभा करून आपण वाद घालतो. मला हा वाद अर्धवट वाटतो. कोळसा बहुतांशी आपल्याच भूमीतला आहे. 2024-25 मध्ये देशात 100 कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. आज रात्री आपल्या घरात जळणाऱ्या दिव्यामागे बहुधा तोच असेल. चंद्रपूरचे लोक त्याची किंमत आपल्या श्वासानं मोजतात, हे विसरून चालणार नाही.

खरा धोका तेलात आहे. लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यातलं पुष्कळसं होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची एकूण क्षमता 53 लाख टन आहे. ते काठोकाठ भरले तरी देशाची गरज जेमतेम नऊ-दहा दिवस भागेल. 1990 मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि तेल भडकलं. आधीच डळमळीत झालेली आपली परकीय गंगाजळी त्या धक्क्यानं आटली, आणि पुढच्याच वर्षी देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं.

म्हणून सौर आणि पवन विजेनं सर्वांत आधी डिझेलची जागा घ्यावी, असं मी आग्रहानं म्हणतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 2022 मध्ये विजेवर आला. या कामाला मी सीमेवरच्या ठाण्याइतकं मोल देतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. सौर पॅनेल, त्यातल्या चकत्या, त्यासाठी लागणारं शुद्ध सिलिकॉन यांत चीनचा वाटा फार मोठा आहे. मग तेलाऐवजी आपण चीनच्या हाती गेलो, असं नाही का? पूर्णपणे नाही. तेलाचं जहाज अडलं तर काही आठवड्यांत गाड्या थांबतील. पॅनेलचं जहाज अडलं तर नवी कामं रखडतील, पण बसवलेली पॅनेलं वीस-पंचवीस वर्षं वीज देत राहतील. तेवढ्या वेळात कारखाने उभे करता येतात, आणि ते केलेच पाहिजेत.

दुसरी अडचण रात्रीची. 2025 च्या मध्यापर्यंत देशाच्या वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र तो बराच कमी आहे. सूर्य मावळतो नेमका मागणी वाढते तेव्हा. यावरचं एक उत्तर सह्याद्रीतच आहे. अकोले तालुक्यात घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वरती एक धरण, कड्याखाली शहापूरच्या बाजूला दुसरं. वीज शिल्लक असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. दुपारची सौर वीज अशी संध्याकाळसाठी राखता येते. असे प्रकल्प उभे राहीपर्यंत कोळसा लागणार, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

शेतीपंपाला मात्र रात्रीची वाट पाहायचं कारण नाही. विंचवा-सापाच्या आणि बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा लाईट हवी आहे, आणि सूर्य ती दिवसाच देतो. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. तिला जागा लागते, अनेकदा ती गायरानातली असते. तुमच्या गावात असा विषय ग्रामसभेपुढे आला तर घरी बसू नका. चराईचं काय होणार, वीज आपल्याच फीडरला मिळणार का, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, हे सगळं विचारा. उत्तरं पटली तर हात वर करा.