‘घरचंच काम आहे ना?’

(हिंगोली जिल्ह्यातल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



चित्रकलेच्या आवडीतून चार पैसे कसे मिळवायचे, यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. आधीच सांगते, मी मोठी चित्रकार नाही. वसमतला सकाळी एका शाळेत लहान मुलांना शिकवते आणि दुपारनंतर घरी अक्षरांची, नक्षीची, मेंदीची कामं घेते. त्यातून घर चालत नाही. पण मुलीची फी, अम्मीची औषधं आणि माझ्या रंग-कागदाचा खर्च निघतो. तेवढ्याच कमाईबद्दल मी बोलू शकते.

माझे अब्बा पेंटर होते. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या लिहिल्या. किराणा, कृषी केंद्र, सलून, पिठाची गिरणी. हळदीच्या पोत्यांवर मारायचे छाप ते पत्र्यात कापून द्यायचे. निवडणूक आली की भिंती रंगवायचे. मराठी आणि उर्दू, दोन्ही अक्षरांवर त्यांचा हात सारखाच बसलेला होता. पण त्यांनी आयुष्यात एक गोष्ट कधी केली नाही. पैसे मागितले नाहीत. लोक म्हणायचे, “देतो ना पेंटर, पळून चाललो का?” अब्बा हसून ब्रश धुवायला लागायचे. वहीसुद्धा ठेवत नसत. हिशोब लिहिला की माणूस दुरावतो, असं त्यांचं मत होतं.

मग फ्लेक्स आला. दोन दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळू लागली. लोक म्हणतात, फ्लेक्सनं पेंटर संपवले. ते खोटं नाही. पण आमच्या घरात त्याच्या आधीच बरंच काही संपलं होतं, ते उधारीनं.

अब्बा गेले तेव्हा बसायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “बडे दिलवाले थे. मेरी दुकान का बोर्ड लिखा, एक पैसा नहीं लिया.” अम्मी आतल्या खोलीतून ऐकत होती. नंतर ती मला एवढंच म्हणाली, “घेतला नाही नव्हे, दिला नाही. त्याच महिन्यात मी कानातले गहाण ठेवले होते.”

हे मी अब्बांची तक्रार म्हणून सांगत नाही. ते खरंच दिलदार होते. पण दान देणं वेगळं आणि मागायची लाज वाटल्यामुळे पैसे बुडणं वेगळं. दान आपण ठरवून देतो. बुडालेले पैसे घरातली बाई भरते. तुमच्यापैकी अनेकांना चित्र छान काढता येतं, ते मी आत्ता भिंतीवर लावलेल्या कागदांवर पाहिलं. तुमची अडचण चित्राची नाही. अडचण आहे ती ओळखीच्या माणसाला भाव सांगण्याची.

आता माझी स्वतःची चूक सांगते. माझी पहिली कमाई अकरावीत झाली. वर्गातल्या मुलामुलींच्या जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढून द्यायचे. एका आकृतीचे पाच रुपये. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद तर मी डोळे मिटून काढायचे. एक दिवस सरांनी चार जर्नल शेजारी ठेवली आणि मला बोलावलं. म्हणाले, “तू चित्र विकत नाहीस, दुसऱ्याचा अभ्यास विकतेस.” मला फार राग आला होता, कारण ते खरं होतं. आजही चित्र येणाऱ्या मुलाकडे सगळ्यात आधी हेच काम येतं. ते घेऊ नका. ज्या कामाखाली आपलं नाव लिहिता येत नाही, ते काम आपलं नाही.

मग कोणतं काम घ्यायचं? तुमच्यापैकी कितीजणांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली आहे? हात वर करा. बरेच आहेत. कला संचालनालयाच्या या परीक्षांकडे आपण दहावीच्या वाढीव गुणांसाठी बघतो. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं. आपण सगळा जीव वस्तुचित्रात घालतो. घडा, वांगी, मागे पडदा. अक्षरलेखनाचा मात्र कंटाळा करतो. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या जिल्ह्यात घड्याचं चित्र विकत घेणारा मला क्वचितच भेटला. नक्षी आणि अक्षर घेणारा मात्र रोज भेटतो.

दाराची नावाची पाटी. लग्नाची पत्रिका. बाळाच्या नावाची फ्रेम. शाळेच्या बोलक्या भिंती. घरगुती मसाला, लोणचं, हळद विकणाऱ्या बचत गटाच्या पाकिटावरचं लेबल. हिंगोली आणि वसमतची बाजारपेठ हळदीवर उभी आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण आपलीच हळद साध्या पिशवीत भरून विकणाऱ्या कितीतरी बाया आहेत. त्यांना चांगलं लेबल हवं असतं. ते काढताना फक्त फुलं-पानं काढून भागत नाही. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका, या सगळ्यांना जागा ठेवावी लागते. हे ज्याला माहीत असतं, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

आपल्याकडे अजून एक भांडवल आहे, ज्याची आपण किंमत करत नाही. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उर्दू इथे कचेरीत होती, मराठी घरात आणि रानात होती. आजही आपल्यातल्या अनेकांना दोन्ही लिपी येतात. देवनागरी डावीकडून उजवीकडे, नस्तालीक उजवीकडून डावीकडे. एकाच पत्रिकेवर दोन्ही अक्षरं तोलून बसवणं संगणकावरही सगळ्यांना जमत नाही. एकेकाळी उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहायचे. 1990 च्या दशकात इनपेजसारखं सॉफ्टवेअर आलं आणि ते काम गेलं. पण हातानं लिहिलेल्या अक्षराची हौस गेली नाही. ज्याला मशीनच हवं आहे, तो आपला गिऱ्हाईक नाही. ज्याला आपल्या नातीचं नाव हातानं लिहिलेलं हवं आहे, तो आपला.

बहिणींसाठी मेंदीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे मेंदीला ‘काम’ समजतच नाहीत. नवरीची मेंदी पाच-सहा तास चालते. पाठ मोडते. आणि शेवटी खाला म्हणतात, “घर का ही काम है ना बेटा!” मेंदी हे संकल्पचित्रच आहे, फक्त कागद हलतो. तिचा भाव आधी ठरवा. आणि ‘ब्लॅक मेंदी’ म्हणून मिळणारे कोन वापरू नका. त्यात केस काळे करायचं रसायन असू शकतं आणि त्यानं हातावर फोड येतात. कोन घरी भरा. नवरीच्या हाताला इजा झाली तर तुमचं नाव गावभर होतं, पण वेगळ्या कारणानं.

आता भाव कसा काढायचा. मी बाळाच्या नावाच्या एका फ्रेमचा हिशोब सांगते. फ्रेम 250 रुपये. कागद 40. शाई-रंग 20. झाले 310. काम चार तासांचं. मी सुरुवातीला तासाचे 60 रुपये धरत होते, म्हणजे 240. एकूण 550. आणि एखादा कागद बिघडतोच, त्याचे 50. म्हणून 600. हा माझा हिशोब आहे, तुमच्या गावात आकडे वेगळे असतील. पण रीत हीच. सामान, वेळ, बिघाड. नवशिके सामानाचे पैसे घेतात आणि वेळ फुकट देतात. रानात हळद काढायला गेलेली बाई संध्याकाळी मजुरी घेऊन येते. तिचा दिवस फुकट नाही, तर तुमचाही नाही.

भाव सांगताना मी आधी पुटपुटायचे. “बघा ना, तुम्हाला वाटेल ते द्या.” त्यावर लोक खरंच त्यांना वाटेल ते द्यायचे. मग मी आरशासमोर म्हणायला शिकले, “सहाशे रुपये. तीनशे आधी, तीनशे काम देताना.” आणि पुढे गप्प बसायचं. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. आधीचे पैसे घेतल्याशिवाय मी फ्रेम आणत नाही. एक गिऱ्हाईक यामुळे गेलं तर गेलं. जे राहतं ते पैसे देणारं असतं.

जवळच्या माणसांचं काय? माझ्या चुलत बहिणीच्या निकाहची मेंदी मी पैसे न घेता काढली. पण वहीत लिहिलं, ‘किंमत 2,500, भेट.’ तिलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, “आपा, इतनी बडी भेट?” बघा, किंमत सांगितली म्हणून तिला भेट दिसली. नाहीतर ते ‘घरचं काम’ झालं असतं.

काही कायद्याच्या गोष्टी. इंटरनेटवरून कुणाची नक्षी उचलून आपली म्हणून विकू नका. तीही कुणीतरी रात्र जागून काढलेली असते. आणि आपलं चित्र देतानाही जपा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्याचा पहिला हक्क साधारणपणे काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणून लेबल काढून देताना व्हॉट्सॲपवर का होईना, दोन ओळी लिहून घ्या. हे चित्र कशासाठी वापरायचं, त्यात बदल कोण करणार, आणि मला माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल का. काम वाढलं तर ‘उद्यम’ नोंदणी करा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नका.

घरचा विरोधही असतो. तो मी टाळणार नाही. काही घरांत सजीवांची चित्रं काढणं पसंत नसतं. त्यावर इथे फतवा द्यायला मी आलिमा नाही. जाणत्यांशी बोला आणि तुमच्या मनाला पटेल ते करा. मी एवढंच सांगते की अक्षर, वेल, पान, जाळी, भूमिती यांचं काम एका आयुष्यात संपणार नाही इतकं आहे. मुलींना अनोळखी घरी पाठवायला घरचे घाबरतात, तेही समजण्यासारखं आहे. मी सोबत कुणालातरी नेते, पत्ता घरी लिहून ठेवते, आणि कामासाठी वेगळा नंबर ठेवला आहे. अम्मीला आधी माझं बाहेर जाणं आवडत नव्हतं. मी वही तिच्याच हातात दिली. आता उधारीची आठवण तीच करते, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

पैशासाठी चित्र काढलं की कला बाटते, असं म्हणणारेही भेटतील. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 मध्ये पंढरपूरचा. मुंबईत आल्यावर त्यांनी सिनेमाची मोठाली पोस्टरं रंगवली. पुढे लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी तयार करण्याचं काम केलं. 1947 मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले, त्याच्या आधीची ही सगळी वर्षं पोटासाठीच्या कामाची होती. त्या कामानं त्यांचा हात बिघडला नाही. आपण सगळे हुसेन होणार नाही. पण पोटासाठी पाटी रंगवणं कमीपणाचं नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

त्याच वेळी, शिक्षण सोडून याच्या मागे लागू नका. लग्नसराईत काम येतं, पावसाळ्यात हात रिकामे राहतात. ही कमाई जोडीला धरायची आहे. मला तिचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो वेगळाच. घरात पैशाच्या गोष्टी निघाल्या की मी पूर्वी उठून चहा करायला जायचे. आता बसते.

इथून घरी गेल्यावर एक वही घ्या. वीस रुपयांची चालेल. पहिल्या पानावर तारीख, काम, सांगितलेला भाव, मिळालेले पैसे, बाकी, असे रकाने आखा. भेट द्यायची असेल तर ‘भेट’ लिहा. 

अब्बांच्या लिहिलेल्या पाट्यांपैकी एक अजून वसमतमध्ये आहे. रंग उडालाय, पण खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही वाचता येते. सही करायला ते कधी विसरले नाहीत. मी त्यांच्याकडून सही करायला शिकले, आणि अम्मीकडून वही ठेवायला. तुम्ही दोन्ही शिका.