स्विचवरील स्थानिक खाती आणि अधिकारांच्या पातळ्या

कार्यालयातील, महाविद्यालयातील किंवा रुग्णालयातील संगणक ज्या यंत्राला तारांनी जोडलेले असतात ते यंत्र म्हणजे नेटवर्क स्विच. कोणत्या पोर्टवर आलेली माहिती कोणत्या पोर्टने बाहेर पडावी हे तेच ठरवत असल्यामुळे, त्याची मांडणी बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला त्या संस्थेचे सारे अंतर्गत दळणवळण थांबवता किंवा वळवता येते. हा अधिकार कोणाला आणि किती आहे याची नोंद स्विचच्या स्वतःच्याच मांडणीत ठेवली जाते, तेव्हा त्या नोंदीला स्थानिक खाते म्हणतात.

सिस्को या कंपनीच्या आयओएस या प्रणालीत अधिकारांच्या ० ते १५ अशा सोळा पातळ्या आहेत. पातळी ० वर जेमतेम पाच आज्ञा चालतात, पातळी १ वर स्थिती पाहता येते पण काही बदलता येत नाही, आणि पातळी १५ वर सर्व काही करता येते. मधल्या २ ते १४ या पातळ्यांना मुळात वेगळा असा अधिकार नसतो; प्रशासकाने निवडक आज्ञा त्यांच्याकडे सोपवल्या, तरच त्यांना अर्थ येतो. हे कष्ट टाळण्यासाठी अनेक ठिकाणी सरसकट सर्वांना पातळी १५ दिली जाते आणि ‘ॲडमिन’ हे एकच खाते पाचसहा जण वापरतात. मग रात्री कोणी पोर्ट बंद केला हे नोंदवहीतून शोधू गेल्यास तिथे माणूस सापडत नाही, फक्त ‘ॲडमिन’ सापडतो. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात मांडले, तेव्हा अपघाताने किंवा चुकीने होणारी हानी मर्यादित राहावी हाच त्यामागचा विचार होता.

मात्र पातळ्यांची ही रचना जिन्यासारखी आहे: वरच्या पायरीवरील व्यक्तीला खालच्या सर्व पायऱ्यांचे अधिकार आपोआप मिळतात, म्हणून परस्परांहून भिन्न कामे करणाऱ्या दोघांना ती नीट लागू पडत नाही. शिवाय मधल्या पातळीवरील व्यक्तीला चालू मांडणी पाहण्याची आज्ञा दिली, तरी तिला स्वतः बदलू शकेल तेवढाच भाग दिसतो. अशा वेळी ‘व्ह्यू’ म्हणजे भूमिकेनुसार आखलेला आज्ञांचा संच अधिक योग्य ठरतो.

पासवर्ड कसा साठवला जातो यालाही तितकेच महत्त्व आहे. ‘टाइप ७’ या जुन्या पद्धतीतील पासवर्ड क्षणार्धात उलगडता येतो, त्यामुळे तो केवळ खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून लपतो. ‘सीक्रेट’ या शब्दासह दिलेल्या पासवर्डचे मात्र एकमार्गी रूपांतर होते, आणि त्यातील ‘टाइप ९’ ही पद्धत मुद्दाम अधिक स्मृती खर्चायला लावून अंदाज करणाऱ्याचे काम महाग करते. खाते तयार केल्यावर प्रवेशाच्या दूरस्थ वाटांना ‘लॉगिन लोकल’ ही सूचना दिली नाही, तर ते विचारातच घेतले जात नाही. त्या वाटांवर टेलनेट चालू ठेवल्यास पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करतो, म्हणून तिथे एसएसएच हवे.

मोठ्या संस्थांत ओळख पटवण्याचे काम टॅकॅक्स प्लस किंवा रेडियस या केंद्रीय सर्व्हरकडे असते आणि स्थानिक खाते त्यामागे राखीव असते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो: त्या क्रमात स्थानिक खाते विचारात येते ते सर्व्हरने उत्तरच दिले नाही तरच; सर्व्हरने नकार दिला, तर तो नकारच अंतिम असतो. म्हणून असे राखीव खाते एकच असावे, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात असावा आणि पाकीट उघडल्यावर तो बदलला जावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्याच आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब व्यवस्थापन पानातील त्रुटी वापरून हल्लेखोरांनी अनेक उपकरणांवर पातळी १५ ची स्थानिक खाती निर्माण केली. त्यांतील एकाचे नाव ‘सिस्को_टॅक_ॲडमिन’ असे, निर्मात्याच्या साहाय्य विभागाचे वाटावे असे होते. त्यांनी पेरलेला छुपा प्रोग्रॅम उपकरण पुन्हा सुरू करताच नाहीसा होत असे, खाती मात्र तशीच राहत. ती शोधण्यासाठी खात्यांची यादी नावागणिक तपासावी लागत होती.